ई-पुस्तकाचा परवाना: सहीआधी वाचनालयाने काय तपासावे

कागदी पुस्तक विकत घेतले की ते वाचनालयाचे. बाजारात एकदा आलेली प्रत सभासदांत फिरवायला कॉपीराइट कायदा, १९५७ आड येत नाही. ई-पुस्तकाचा मात्र परवाना मिळतो, आणि करारात लिहिले असेल तेवढेच आपले. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या अनुदानित वाचनालयांनी आधी दरपत्रक नव्हे, कराराचा मसुदा मागवावा.

मसुद्यात पहिल्यांदा मर्यादा शोधा. मुदतीची, देवघेवीच्या फेऱ्यांची, की दोन्हींपैकी जी आधी संपेल ती? समजा, परवाना १,२०० रुपयांना, दोन वर्षे किंवा २६ फेऱ्यांसाठी आहे. एका वेळी एकच सभासद आणि १४ दिवसांची मुदत धरली, तर मागणीच्या पुस्तकाच्या २६ फेऱ्या ३६४ दिवसांतच संपतात. उलट दोन वर्षांत दहाच जणांनी नेले, तर प्रत्येक वाचन १२० रुपयांना पडते. दुहेरी मर्यादेत दोन्हीकडून वाचनालयच मार खाते. एकच ठेवा असा आग्रह धरा. नूतनीकरणाचा दर, पुस्तक मध्येच काढून घेतल्यास परतावा आणि सभासदांच्या वाचनाची माहिती कोणाकडे राहते, हेही लेखी घ्या.

नमुना फाइल उघडून त्यातला एखादा शब्द, समजा 'जोतिबा', शोधून बघा. डोळ्यांना दिसतो, पण शोधात सापडत नाही? मग बहुधा पानांची नुसती चित्रे आहेत किंवा पीडीएफ युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरांचे प्रमाण संकेत न पाळणाऱ्या जुन्या, फॉन्टमधून काढली आहे. असली फाइल अंध सभासदाच्या स्क्रीन रीडरलाही (मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) नीट वाचता येत नाही. पैसे देऊ नका.

एका वैयक्तिक खात्यावर पुस्तके घेऊन पासवर्ड सभासदांना वाटणे हा सर्रास चालणारा उद्योग आहे. वैयक्तिक परवान्यात तो बसत नाही. छापील पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सॲपवर टाकणेही कायद्यात बसत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालय स्वतःकडे असलेल्या छापील पुस्तकाची डिजिटल प्रत ठेवू शकते, पण जतनासाठी. लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे हक्क राहतात. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले. त्यांचे साहित्य २०३६ अखेरपर्यंत हक्काखाली आहे.

परवान्याची नोंद दाखल नोंदवहीत (मालकीच्या पुस्तकांच्या कायम वहीत) करू नका, नाहीतर मुदत संपताच ग्रंथसाठा कमी दिसेल. वेगळी वही ठेवा. हा खर्च अनुदानात धरला जाईल का, हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आधीच पत्राने विचारा.

वाजवी परवान्यांसाठी कायदा मागायचा तर तो नेमका कोणाकडे, हे ठरवून मागा. राज्यघटनेत कॉपीराइट केंद्राच्या सूचीत आहे, राज्याच्या पैशावरची ग्रंथालये राज्याच्या. अमेरिकेत मेरीलँडने २०२१ मध्ये प्रकाशकांवर ग्रंथालयांना वाजवी अटींवर परवाने देण्याची सक्ती केली. संघीय कॉपीराइट कायद्याशी विसंगत म्हणून तो कायदा २०२२ मध्ये न्यायालयात टिकला नाही. कनेक्टिकटने २०२५ मध्ये दुसरी वाट धरली: बंधन प्रकाशकावर नाही, ग्रंथालयांनी कोणत्या अटींचे करार करायचे नाहीत यावर. इतर राज्यांनी साथ दिल्याशिवाय तो कायदा लागू होणार नाही, ही त्यातली मेख. महाराष्ट्रात हीच वाट जास्त सोयीची: महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खालच्या अनुदान नियमांत 'दुहेरी मर्यादेचा करार अनुदानातून करू नये' अशी अट मागावी. कार्यकारी मंडळाच्या ठरावात हे एवढेच वाक्य ठेवा आणि ठरावाची प्रत ग्रंथालय संचालनालयाला धाडा. सोबत वरच्यासारखा, पण स्वतःच्या वाचनालयाच्या आकड्यांचा हिशेब जोडा.