दिवाळीच्या सुटीत खान्देशातून खाऊ नेताय? या चुका टाळा

सुटीत जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आलेली मंडळी परतताना पिशव्या भरभरून नेतात. माल खोटा नसतो, पण बऱ्याचदा महिना चुकतो. खान्देशात काय घ्यावं हे दुकानाच्या पाटीपेक्षा शेतात काय निघालंय त्यावरून ठरवावं.

सगळ्यात जास्त फसगत लाल मिरचीत होते. नंदुरबारला ओल्या लाल मिरचीची आवक पावसाळा सरल्यावर सुरू होते, मग ती पथारींवर पसरून उन्हात वाळवतात. दिवाळीत ‘नवी’ म्हणून दाखवलेली वाळकी मिरची बहुधा शीतगृहातली, मागच्या हंगामाची असते. ती घ्यायला हरकत नाही, फक्त नव्याचा भाव देऊ नका. वर्षभराचा मसाला करायचा असेल तर जानेवारीनंतर घ्या. मूठभर मिरच्या कानाशी हलवा, बिया खुळखुळल्या पाहिजेत. दुमडल्यावर कडकन मोडायला हवी. चिवटपणे वाकली तर ओल आहे, म्हणजे वजनात पाण्याचे पैसे जातात आणि पुढे डब्यात बुरशी धरते. घरी आल्यावर ओल लक्षात आली तर दोन-तीन कडक उन्हं दाखवा. आतून काळी किंवा पांढुरकी पडलेली मिरची मात्र वेचून फेका, दळणात जाऊ देऊ नका. तयार तिखट घेतलंच, तर चिमूटभर पेलाभर पाण्यावर टाका. लाल रंगाचे धागे खाली उतरू लागले तर त्यात वरून रंग घातलाय.

डाळीचंही तसंच. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे म्हणून लोक दिवाळीत पोत्याने मागतात. पण तूर काढणीला येते डिसेंबर-जानेवारीत. दिवाळीला ताजे असतात ते उडीद, मूग, भुईमूग आणि तीळ. म्हणून या दिवसांत कळण्याचं पीठ न्यावं, ज्वारीत सालासकट काळे उडीद दळलेलं. चक्कीवरून आलेलं गरम पीठ लगेच पिशवीत कोंबू नका. वाफ धरते आणि पीठ लवकर कडवट होतं. कागदावर पसरून पूर्ण निवू द्या, मग भरा.

आता भरिताची वांगी. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे. बामणोद-आसोद्याची वांगी त्यात नावाजलेली. हिरवट, पांढऱ्या रेघांचं, मोठं वांगं. वजनदार ते चांगलं असं समजून जड वांगी निवडणं ही नेहमीची चूक. आकाराच्या मानाने हलकं लागतं तेच घ्या, जडात बिया जास्त. देठ हिरवा आणि साल चकचकीत हवी. खरी गोडी थंडी पडल्यावरच येते, आणि आपल्याकडे कित्येक घरांत चंपाषष्ठीपर्यंत वांगं खातही नाहीत. त्यामुळे दिवाळीतच हट्ट धरू नये, डिसेंबरच्या सुटीत यावं. तुराट्या-पऱ्हाट्यांवर, म्हणजे तुरीच्या-कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजून बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचलेलं भरीत इथे बसूनच खावं. गरम भरीत प्लास्टिकच्या डब्यात घालून पुण्या-मुंबईच्या गाडीत नेलं तर कांद्याची पात आंबते आणि घरी पोचेपर्यंत वास येतो. कच्ची वांगी कागदात गुंडाळून न्या.

केळीचे वेफर्स फैजपूर-रावेर-भुसावळ पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी डोळ्यांसमोर तळून मिळतात. कढईतून काढलेले गरम वेफर्स सीलबंद करून घेऊ नका, तासाभरात मऊ पडतात. आधी एक चावून पाहा: खवट वास आला तर तेल जुनं आहे, पुढच्या दुकानात चला. मऊ पडलेच तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परता. खवटपणा मात्र कशानेच जात नाही.

बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, पापड उन्हाळ्यात केलेले असतात, दिवाळीपर्यंत सहा महिने झालेले. चांगले वाळलेले असतील तर बिघडत नाहीत, पण बचतगटाच्या ताईंना एक तळून दाखवायला जरूर सांगा. त्या आनंदाने दाखवतात. घासाघीस मात्र करू नका. पहाटे उठून पिठाचा घाटा शिजवायचा आणि उन्हात बसून बिबडे घालायचे, या मेहनतीपुढे तो दर आधीच कमी आहे.

खापरावरचे मांडे हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि निघायच्या सकाळीच उचला. सुती कापडात निवू द्या, घट्ट डब्यात नको. पुरण असल्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत संपवायचे. कुरिअरने पाठवायचा विचारही करू नका.