पित्ताची पिशवी काढली तरी पित्त होणारच! पोटाचे शब्द वापरताना या चुका टाळा

राजारामपुरीतल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये मी रिपोर्ट टाइप करते, काउंटरही सांभाळते. परवा कागलकडचे एक आण्णा रिपोर्ट घेऊन आले. "ताई, पित्ताची पिशवी काढायला सांगितल्याय. म्हंजे आता मिसळ खाल्ली तरी पित्त हुयाचं न्हाई, व्हय?"

आण्णांना काय हसायचं? घोळ शब्दातच आहे. 'पित्त झालं' म्हणून छातीत जळजळतं, ते जठरातलं आम्ल. अंगावर गांधी उठतात, त्यालाही आपण पित्तच म्हणतो. आणि रिपोर्टातलं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, चरबी पचवायला लागणारा हिरवट-पिवळा रस. पित्ताशय तो नुसता साठवून ठेवतं. पिशवी काढली की रस यकृतातून थेट आतड्यात उतरतो. मिसळीची जळजळ आहे तिथेच राहते. म्हणून डॉक्टरांना 'पित्त' सांगूच नका. जळजळतंय, आंबट पाणी घशाशी येतंय, अंगाला खाज सुटलीय, जे होतंय ते सांगा.

'खडा' म्हटला की कुठला ते विचारा. बारीक मूतखडा भरपूर पाणी पिऊन लघवीवाटे पडू शकतो. पित्ताशयातल्या खड्याला ती वाटच नाही. उलट तो पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते, आणि लोक निघतात कावीळ उतरवून घ्यायला! कावीळ हे लक्षण आहे, कारण वेगवेगळं असतं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली ती दूषित पाण्यातून, हिपॅटायटिस ई विषाणूमुळे. तिथं खड्याचा काही संबंध नव्हता.

आता माझं रोजचं दुखणं. "उपाशीपोटी या" सांगितलं की एकादशीला हमखास कुणीतरी साबुदाण्याची खिचडी खाऊन येतं. उपासच केलाय की! पण तूप-शेंगदाणे पोटात गेले की पित्ताशय आकसून रिकामं होतं, मग बारीक खडे नजरेतून सुटू शकतात. दुधाचा चहासुद्धा नको. मी आता फोनवर 'उपाशी' हा शब्दच काढत नाही; "सहा ते आठ तास खिचडीसुद्धा खायची नाही," असं सांगते.

गॅस धरला की 'गॅस्ट्रो झालाय' म्हणू नका. गॅस्ट्रो म्हणजे जुलाब-उलट्यांचा संसर्ग. हा शब्द पोटासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलाय, गॅसवरून नाही.

नर्सिंगच्या, लॅबच्या पोरींनी शब्दाचं शेपूट आधी बघावं: आयटिस म्हणजे दाह, एक्टमी म्हणजे काढून टाकणं, ऑस्टोमी म्हणजे नवं तोंड करणं, स्कोपी म्हणजे दुर्बिणीनं बघणं. पण डोकंही सोडू नका. कोलेसिस्टेक्टमीत पित्ताशय काढतात, कोलेक्टमीत मोठं आतडं. मधलं 'सिस्ट' खाल्लंत तर घरच्यांच्या तोंडचं पाणी पळेल.

आणि 'इलियम'. देवनागरीत दोन्ही अगदी सारखेच. इंग्रजीत तिसरं अक्षर 'ई' असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, 'आय' असेल तर कमरेचं हाड. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी एका पेशंटच्या आतड्याची सूज कमरेच्या हाडावर चढवली होती. सही करता करता डॉक्टर थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बाई, हे हाड पोटात कसं गेलं?"