नवतप्यातलं रीडिंग

एफबीजी (फायबर ब्रॅग ग्रेटिंग) सेन्सर, म्हणजे काचेच्या बारीक तंतूने ताण मोजणारा सेन्सर, कसा चालतो ते तुम्ही प्रकल्पाआधी वाचलेलंच असेल. फायबरमधली ग्रेटिंग (बारीक आखलेल्या पट्ट्या) प्रकाशाची एकच तरंगलांबी परत पाठवते, फायबर ताणली की ती सरकते. 1550 नॅनोमीटरच्या आसपास एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) साधारण 1.2 पिकोमीटर. एवढ्याच भांडवलावर मी नागपुरात, ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, एका लोखंडी पादचारी पुलाच्या गर्डरवर (मुख्य तुळईवर) सेन्सर चिकटवला.

पहाटेचं रीडिंग शून्य धरलं. दुपारी तीनला तरंगलांबी 730 पिकोमीटर सरकलेली. भागलं 1.2 ने, आले सुमारे 610 मायक्रोस्ट्रेन. साधं स्ट्रक्चरल स्टील 1250 च्या आसपास यील्ड होतं, म्हणजे कायमचं ताणलं जायला लागतं, म्हणजे पूल अर्ध्या वाटेवर! त्या उन्हात पुलावर कुत्रंसुद्धा नव्हतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. धावत सरांकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "गर्डरला हात लावून पाहिला काय?" लावला. चटका बसला.

गर्डर पहाटेपेक्षा तीसेक अंशांनी तापला होता. तापमानाने फायबरची तरंगलांबी स्वतःच अंशाला 10 पिकोमीटर सरकते, ते झाले 300. शिवाय लोखंड अंशाला 12 मायक्रोस्ट्रेन फुगतं आणि चिकटवलेल्या फायबरला सोबत ओढतं, ते आणखी 430. झाले की 730! भार शून्य.

मग शेजारी एक मोकळा, न चिकटवलेला सेन्सर ठेवून त्याचं रीडिंग वजा केलं. पुन्हा फसलो. मोकळा सेन्सर फक्त ते 300 काढतो, फुगण्याचे 360 मायक्रोस्ट्रेन तसेच राहतात. (शिवाय मी तो सावलीत लावला होता. हसा.) उपाय असा: त्याच स्टीलची, तेवढ्याच जाडीची एक पट्टी घ्या, तिच्यावर दुसरा सेन्सर चिकटवा, पट्टी गर्डरजवळ त्याच उन्हात मोकळी ठेवा आणि तिचं रीडिंग वजा करा. गर्डरच्या टोकाखालचं बेअरिंग (ज्यावर तो फुगताना सरकतो) नीट सरकत असेल तर उत्तर शून्याजवळ येतं. गंजून अडकलं असेल तर गर्डरला फुगायला जागा नसते. चिकटवलेला सेन्सर तापमानाचे ते 300 सोडून फारसं काही दाखवत नाही, पण वजाबाकीत मोठा ऋण आकडा येतो. तो चूक समजून पुसू नका, तो दाब खरा आहे.

स्प्लायसिंगबद्दल, म्हणजे फायबरची टोकं जोडण्याबद्दल, जास्त सांगत नाही. व्हिडिओ पाहून ते येत नाही, तुमचा गाइडही शिकवणार नाही. ब्रॉडबँडची लाइन जोडणाऱ्या एखाद्या भाऊला चहा पाजा, तासाभरात हात बसतो. हिरवा तिरका कनेक्टर निळ्या सरळ कनेक्टरला जोडू नका, एवढं मात्र पाठ करा.

आणि घाबरू नका बाप्पा. फायबर तुटणारच, माझ्या पहिल्या सहापैकी चार तुटल्या. पण भार टाकण्याआधी एक अख्खा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, नुसतं तापमान आणि तरंगलांबी लिहून काढा. मी तो दिवस वाचवायला गेलो आणि प्रकल्पाचं एक पूर्ण प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं.