जुन्या बंगल्याचे नूतनीकरण: कोणते काम आधी, कोणते नंतर

जुना बंगला दुरुस्तीला काढताना बहुतेकांचे लक्ष प्रथम स्वयंपाकघर, फरशी आणि रंगाकडे जाते. प्रत्यक्षात ही कामे सर्वांत शेवटी यायला हवीत. आधी पाणी घरात कोठून शिरते ते शोधावे, कारण भिंतीला लागलेला लोणा (क्षारांचा पांढरट थर), वाळवी, कुजलेल्या चौकटी आणि गंजलेल्या सळ्या या तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या, तरी त्यांचे मूळ बहुधा ओलीत असते.

पाहणीची सुरुवात छपरापासून करावी. सरकलेली कौले, तुंबलेल्या पन्हळी, छप्पर आणि भिंत यांच्या सांध्यातील फटी आणि गच्चीचा बिघडलेला उतार या जागा भर पावसात पाहिल्या, तर गळतीचा माग नेमका लागतो. छपरावर जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील, तर ते स्वतः कापू किंवा फोडू नयेत, कारण त्यांचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांना घातक असतात. ते काढण्याचे काम प्रशिक्षित माणसांकडेच द्यावे.

त्यानंतर भिंतींच्या पायथ्याकडे वळावे. जमिनीतून चढणारी ओल साधारणपणे 1 मीटर उंचीपर्यंत दिसते आणि तिच्या वरच्या कडेला क्षारांची पांढरट रेषा उमटते. अनेकदा बागेची माती किंवा नंतर घातलेली फरसबंदी जोत्याच्या पातळीपर्यंत चढलेली असते. ती खाली उतरवून पाण्याला घरापासून दूर जाणारा उतार दिला, तर पुष्कळ ओल कोणत्याही रसायनाविना कमी होते. चुन्यात बांधलेल्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा मात्र करू नये. चुन्यातून आतील दमटपणा बाहेर पडतो, तर सिमेंट तो कोंडून ठेवते. मग पाणी वाट काढत आतल्या बाजूला येते आणि विटा ठिसूळ होऊ लागतात. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि वाफ जाऊ देणारा रंग द्यावा. माझ्या मते जुन्या घरांचे सर्वांत अधिक नुकसान चांगल्या हेतूने केलेल्या या सिमेंटकामानेच होते.

भेगांच्या बाबतीत घाई करू नये. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग पाया खचत असल्याची खूण असू शकते. तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली, तर हालचाल अजून चालू आहे, हे कळते. स्लॅबच्या खालच्या बाजूस सळ्यांच्या रेषेत भेगा दिसत असतील, तर सळ्या गंजून फुगू लागल्या आहेत असे समजावे, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडून काढतो. तेथे नुसते प्लास्टर चोपडून काहीच साधत नाही. खोल्या मोठ्या करण्यासाठी एखादी भिंत पाडायची असेल, तर ती भार वाहते की नुसती आडोशाची आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे.

वायरिंग मात्र सरळ बदलावे. जुन्या वायरींचे आवरण ठिसूळ झालेले असते, अर्थिंग बहुधा अपुरे असते आणि आजच्या उपकरणांचा भार त्यांना पेलत नाही. नव्या जोडणीत अर्थिंगबरोबर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा सुरक्षा-स्विच बसवावा. गळका प्रवाह जाणवताच तो वीज तोडतो. आतून गंजून अरुंद झालेले लोखंडी नळही याच वेळी काढावेत. नवीन नळांची दाबाखाली चाचणी आणि न्हाणीघराच्या जमिनीत निदान 24 तास पाणी साठवून घेतलेली गळतीची चाचणी, या दोन्ही टाइल्स बसण्यापूर्वी पूर्ण व्हायला हव्यात. भिंती बुजवण्यापूर्वी नळ आणि वायरींची छायाचित्रे मापांसह जपून ठेवावीत, म्हणजे पुढे खिळा ठोकतानाही अंदाज घ्यावा लागत नाही.

लाकूडकाम शक्य तितके राखावे. जुने सागवान सहसा उत्तम प्रतीचे असते. चौकटीचा कुजलेला तळ कापून तेथे नवा तुकडा सांधता येतो, त्यासाठी संपूर्ण चौकट फेकण्याचे कारण नाही. जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा घासू नये, पाण्याने ओला करून खरवडावा आणि त्या वेळी मुलांना तेथून दूर ठेवावे. रंगकाम सर्वांत शेवटी, नवे प्लास्टर पूर्ण वाळल्यावरच करावे. सिमेंटच्या प्लास्टरला त्यासाठी साधारण 4 आठवडे लागतात आणि चुन्याला बहुधा त्याहून अधिक.