श्निटकेचं पियानो क्विंटेट कसं ऐकायचं (अर्ध्यात न सोडता)

पहिली गोष्ट, प्ले दाबून सुरुवातीपासून ऐकायला बसू नका. बरेच जण पहिल्याच भागात गळतात आणि मग मॉडर्न क्लासिकल आपल्याला झेपत नाही म्हणून मोकळे होतात.

थोडी माहिती असू द्या. आल्फ्रेड श्निटके, सोव्हिएत काळातला संगीतकार, १९७२ मध्ये त्याची आई गेली. तिच्यासाठी हे लिहायला घेतलं, पहिला भाग झाला आणि पुढे काही सुचेचना, पूर्ण झालं थेट १९७६ मध्ये. पियानो, दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो, एकूण पाच भाग, साधारण अर्धा तास.

तर आधी दुसरा भाग लावा. हा वॉल्ट्झ आहे, म्हणजे तीन मात्रांचा युरोपीय नाच, एक-दोन-तीन मोजता येतं, म्हणजे धरायला काहीतरी मिळतं. याची चाल बी फ्लॅट, ए, सी, बी या चार स्वरांवर उभी आहे, जर्मन पद्धतीने वाचलं तर बाख (BACH, जुना जर्मन संगीतकार) हे नाव होतं. पण ते नाही कळलं तरी काही बिघडत नाही, फक्त हे चार स्वर एकमेकांना अगदी चिकटून आहेत एवढं कानाला कळलं की झालं, कारण मग वॉल्ट्झ हळूहळू कसा विस्कटत जातो ते आपोआप ऐकू येतं.

आता खरी मेख. तंतुवाद्यं इथे पाव स्वरांवर जातात, म्हणजे पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत, आणि पियानोला तिथे जाताच येत नाही. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही ही तक्रार आपल्याकडे किती जुनी आहे, त्यापायी ऑल इंडिया रेडिओवर १९४० पासून कितीतरी वर्षं पेटीला बंदी होती! श्निटकेने मात्र ही अडचण कामाला लावलीय, पियानो आपल्या जागी ठाम आणि बाकीचे चौघं त्याच्या आजूबाजूला घसरतायत, बेसूर वाजतायत असं वाटलं तर बरोबर ऐकताय. तिसऱ्या आणि चौथ्या भागात हेच शोधा, चाल शोधत बसाल तर वैतागाल.

मग एकदम पाचवा. पियानो वरच्या पट्टीत एक साधी, जवळजवळ बालगीतासारखी चाल घेतो आणि तीच परत परत वाजवत राहतो, आधीच्या भागांतले तुकडे येऊन जातात, हा काही बदलत नाही. शेवट इतक्या हळू आवाजात आहे की लोकल किंवा रिक्षात ऐकण्यात काही अर्थ नाही, हेडफोन लावा, आणि मध्ये जाहिरात येणारं अ‍ॅप तर नकोच नको.

हे झाल्यावर दुसऱ्या दिवशी सगळं सलग ऐका, आता पहिला भाग लांबट वाटणार नाही. रेकॉर्डिंग हवं तर केलर क्वार्टेट (चौघं तंतुवादक) आणि पियानोवादक अलेक्सेई ल्युबिमोव यांचं घ्या. श्निटकेने पुढे हेच ऑर्केस्ट्रासाठीही केलं, ‘इन मेमोरियम’ नावाने, ते नंतर ऐका, मला तरी पाच जणांचंच जास्त लागतं.