सेस्नात कोण कुठे बसणार, ते आधी ठरवा

सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, सुरू केला की बहुतेक पोरं विमान निवडतात, धावपट्टी निवडतात आणि थेट थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा) पुढे ढकलतात. वजन आणि तोलाचं पान कोणी उघडतच नाही. आमचं गाव आर्वी तालुक्यात. संध्याकाळी सेतू केंद्राचं काम आटोपलं की त्याच कॉम्प्युटरवर मी गावातल्या चार पोरांना सिम्युलेटर शिकवतो, आणि सुरुवात या पानापासूनच करतो. त्यातल्या एकाला पुढे गोंदियाला, बिरसीच्या विमानतळावर वैमानिकाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. तिथे हा हिशोब कागदावर करून दाखवावा लागेल, मग आतापासून का नको?

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये नकाशाच्या पानावर विमानावर क्लिक केलं की ‘वेट अँड बॅलन्स’ दिसतं. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये विमान निवडल्यावर ‘कस्टमाइझ’मध्ये जायचं. तिथे आधीच काही आकडे भरलेले असतात, ते तसेच ठेवू नका. आम्ही रेशन दुकानाच्या काट्यावर एकेकाचं वजन करून आणलं आणि तेच टाकतो. किलोला २.२ ने गुणलं की पौंड. आणखी एक करा: सेटिंगमध्ये ‘अनलिमिटेड फ्युएल’ चालू असेल तर बंद करा. पेट्रोल जळलंच नाही तर वजनही हलत नाही, आणि अर्धा धडा तिथेच बुडतो.

सरावाला सेस्ना १७२एस हे चार सीटचं छोटं विमान घ्या. उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त वजन २,५५० पौंड. टाक्यांमधलं वापरता येण्याजोगं पेट्रोल ५३ गॅलन, आणि गॅलनला ६ पौंड धरायचे. इंजिन आणि केबिनच्या मधली भिंत म्हणजे फायरवॉल. तिच्या पुढच्या बाजूपासून सगळी अंतरं इंचात मोजतात: पुढच्या सीट ३७ (सीट मागेपुढे सरकते, हा सरासरी आकडा), पेट्रोल ४८, मागची सीट ७३, सामानाची पहिली जागा ९५. वजनाला अंतराने गुणायचं, सगळे गुणाकार मिळवायचे आणि एकूण वजनाने भागायचं. जे इंच येतात तो सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू. पूर्ण वजनाला तो ४१ ते ४७.३ इंचांच्या आत पाहिजे. वजन कमी असेल तर पुढची मर्यादा आणखी पुढे, ३५ पर्यंत सरकते, मागची ४७.३ मात्र तीच राहते.

आता खरं गणित. रिकामं विमान १,६८० पौंड आणि त्याचा तोल ४० इंचांवर, असं समजू. तुमच्या विमानाचा आकडा सिम्युलेटर दाखवेल, तो घ्या. पुढे दोघं मिळून ३१० पौंड, मागे दोघं मिळून ३००, सामान ६०. टाक्या काठोकाठ भरल्या तर ३१८ पौंड पेट्रोल. बेरीज २,६६८. म्हणजे ११८ पौंड जास्त. चारही सीट भरायच्या, सामानही घ्यायचं आणि टाक्याही फुल्ल ठेवायच्या, हे या विमानात जमत नाही. पेट्रोल ३३ गॅलनवर आणा: १९८ पौंड, बेरीज २,५४८. सीजी ४५.४ वर येतो. नागपूरहून अमरावतीच्या बेलोरा विमानतळाला हवेतून साधारण १४० किलोमीटर, पाऊण तासाचं काम. ३३ गॅलन त्याला भरपूर झालं, राखीव धरूनही.

पण मला जास्त काळजी दुसऱ्या प्रकाराची वाटते. ५९ किलोचा पोरगा एकटा पुढे बसला. मागे ९१-९१ किलोचे दोघं. सामान ५४ किलो, पेट्रोल २० गॅलन. पौंडात एकूण २,४५०, म्हणजे मर्यादेच्या १०० पौंड आतच. आमचा प्रणय हे भरून उडाला आणि म्हणाला, “काका, वजन त बरोबर हाय, मंग नाक काहून वर जाते?” मी त्याला म्हटलं, बंडीत तुरीचे कट्टे सगळे मागे लादले तर काय होते? बंडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठते. कट्टे तेवढेच, फक्त जागा चुकली. मग त्याने कागदावर गुणाकार केले: सीजी ४८.३. मागच्या मर्यादेच्या एक इंच पलीकडे.

उपाय सोपा. मागच्या दोघांपैकी एकाला उठवून पुढे पायलटच्या शेजारी बसवा. वजन तेच २,४५०, सीजी ४५.४. पोरांनी हे दोन्ही करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. ५,००० फुटांवर जा, थ्रॉटल कमी करा, नाक हळूहळू वर घेत स्टॉल करा, म्हणजे पंखांची उचल तुटेपर्यंत जा. सीजी मागे असताना स्टिक हलकी लागते, नाक आपोआप चढायला बघतं आणि स्टॉलमधून खाली यायला तयार नसतं. सीजी मर्यादेच्या आत असताना नाक स्वतःहून पडतं आणि विमान वेग धरतं. उलट सगळं वजन फार पुढे गेलं तर स्टिक जड होते, जास्त वेगालाच स्टॉल होतो आणि उतरताना नाक उचलायला दम लागतो. ऑटो-ट्रिमसारख्या (नाक आपोआप सावरणाऱ्या) मदती चालू असतील तर यातलं काहीच हाताला कळत नाही, त्या आधी बंद करा.

हे नुसतं खेळापुरतं नाही. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या शार्लट विमानतळावरून उडताच एक बीचक्राफ्ट १९००डी कोसळलं. २१ माणसं गेली. देखभालीत एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीची) जोडणी चुकली होती आणि त्यात सीजी मर्यादेच्या मागे होता. प्रवाशांचं धरलेलं सरासरी वजन खऱ्यापेक्षा कमी निघालं, आणि नंतर अमेरिकेत ते सरासरी आकडे वाढवले गेले. रेशनच्या काट्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

टेकऑफचा हिशोब झाला की टाकी रिकामी धरून सीजी पुन्हा एकदा काढा. वर सीट बदलून घेतलेल्या उदाहरणात तो ४५.२ येतो, म्हणजे वाटेतही धोका नाही. मोठ्या विमानांत टाक्या पुढे-मागे असतात, तिथे फरक बराच पडतो.

आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५,००० फुटांच्या आसपास असल्यासारखं वाटतं. सिम्युलेटरमध्ये तापमान ४५ करा, वजन २,५४८ ठेवा आणि चाकं जमीन सोडेपर्यंत किती धावपट्टी गेली ते बघा. मग सामान उतरवून, पेट्रोल २० गॅलनवर आणून पुन्हा उडा. दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहून ठेवा.