बिल्ट-इन फ्रीज थंड होत नाही? आधी कपाट तपासा, मग मशीन

मॉड्युलर किचनच्या टॉल युनिटमध्ये बसवलेला फ्रीज थंड करेनासा झाला की पहिलं निदान ठरलेलं असतं: "गॅस संपलाय." पण फ्रीजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बंद न करता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. बिल्ट-इन फ्रीजच्या बाबतीत तर गॅसचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. आधी बघायचा तो सुताराने केलेला खण, कारण बिघाड तिथे असेल तर नवा फ्रीज आणूनही तोच त्रास होतो.

हवा खेळतेय का?

मोकळा उभा फ्रीज आपली उष्णता सरळ खोलीत सोडतो. बिल्ट-इनला ती सोय नाही. बहुतेक मॉडेलमध्ये खालच्या स्कर्टिंगच्या (कपाटाच्या पायाशी लावलेल्या पट्टीच्या) जाळीतून थंड हवा आत जाते, मागच्या पोकळीतून तापून वर चढते आणि माथ्यावरून बाहेर पडते. त्यासाठी आत जायला आणि बाहेर पडायला प्रत्येकी किमान २०० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा लागते. म्हणजे ५० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर उंच स्वच्छ फट. जाळीच्या पट्ट्या निम्मी जागा खात असतील तर जाळी दुप्पट मोठी हवी. मागची पोकळी साधारण ४ सेंटिमीटर खोल, खालपासून वरपर्यंत सलग. (काही मॉडेलमध्ये कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या नळ्या, तळाशी आणि त्याला पंखा असतो, तिथे हवा स्कर्टिंगमधूनच आत-बाहेर होते. मॅन्युअलमधली आकृती पाहिल्याशिवाय सुताराला काही सांगू नका.)

प्रत्यक्षात मात्र खणाला मागून अखंड प्लाय मारलेला असतो, वर लॉफ्ट बसवून वाट बंद केलेली असते, किंवा फरशी धुताना पाणी जाऊ नये म्हणून स्कर्टिंग सिलिकॉनने सील केलेलं असतं. झुरळं येऊ नयेत म्हणून लावलेली बारीक जाळी फोडणीच्या तेलाने आणि धुळीने वर्षभरात बुजते.

तपासणी सोपी आहे. कॉम्प्रेसर चालू असताना वरच्या फटीजवळ हात धरा. हवा कोमट लागली पाहिजे. वर काहीच जाणवत नाही पण शेजारच्या कपाटाची बाजू तापलीय, तर हवा अडकलीय. हवेचा झोत बघायला उदबत्ती मात्र लावू नका. कारण पुढे येईलच. स्कर्टिंग काढा, वरचं झाकण उघडा आणि एक दिवस तसंच चालू द्या. तापमान खाली आलं तर मेकॅनिक नको, सुतार बोलवा.

तापमान डिस्प्लेवर बघू नका. पुष्कळ मॉडेलमध्ये तिथे तुम्ही ठरवलेला आकडा दिसतो, आतला खरा नाही. मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवा आणि २४ तासांनी वाचा. फ्रीजमध्ये ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि फ्रीजरमध्ये गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये उणे १८ हवं.

दार नीट बंद होतं का?

बिल्ट-इनला दोन दारं असतात, फ्रीजचं स्वतःचं आणि त्यावरचं किचनचं शटर. जोडणीच्या पद्धतीही दोन. एकीत शटर थेट फ्रीजच्या दाराला स्क्रूने घट्ट बसतं. दुसरीत शटर कपाटाच्या बिजागऱ्यांवर असतं आणि प्लॅस्टिकच्या सरकत्या पट्टीने फ्रीजचं दार ओढतं. दुसऱ्या पद्धतीत बिजागरी खाली बसली किंवा पावसाळ्यात शटर फुगलं की शटर आधी कपाटाला टेकतं आणि आतलं रबर एखाद-दोन मिलिमीटर उघडं राहतं. बाहेरून दार बंद दिसतं. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत हा प्रकार फार.

कागदाची पट्टी दाराच्या रबरात धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंना, विशेषतः बिजागरीकडच्या कोपऱ्यांत, कागद अडकला पाहिजे. एका कोपऱ्यात सैल निघाला तर आधी शटर सोडवून पुन्हा तपासा. शटर काढल्यावर कागद घट्ट बसला, तर रबर चांगलं आहे. शटर आणि कपाटाच्या कडेत दोन-तीन मिलिमीटर फट राहील असं ते पुन्हा जुळवा. तरीही सैल असेल तर रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसा, वाकलेला भाग हेअर ड्रायरच्या मंद उष्णतेने सरळ करा. कडक होऊन चिरलेलं रबर बदलावंच लागतं.

लक्षणावरून बिघाड

*काहीच चालू नाही.* एमसीबी, सॉकेट, स्टॅबिलायझर या क्रमाने बघा. स्टॅबिलायझर वीज आल्यावर काही मिनिटं थांबूनच पुढे सोडतो, तेवढं थांबा. आतला दिवा आणि डिस्प्ले चालू, पण कॉम्प्रेसरचा आवाजच नाही, तर फ्रीज शोरूमच्या डेमो मोडमध्ये (फक्त दाखवण्यापुरता दिवा चालू, थंड करणं बंद) असू शकतो. नव्या फ्रीजबाबत तक्रार करण्याआधी हे बघाच.

*दर काही मिनिटांनी "टक्" आवाज, मध्ये क्षणभर घुर्रर्र.* कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा सुरक्षा भाग, त्याला तोडतोय. आधी व्होल्टेज मोजा, तेही सुरू होण्याच्या क्षणी. ते ठीक असेल तर प्लग काढून रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) उपसा आणि हलवून बघा. आत खुळखुळ वाजली तर आतली चकती फुटलीय. हा स्वस्त भाग आहे, ओव्हरलोडसकट बदला. मग मल्टिमीटरने कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. साध्या कॉम्प्रेसरमध्ये सगळ्यात मोठं वाचन इतर दोघांच्या बेरजेइतकं येतं; इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमध्ये (जो गरजेनुसार वेग बदलतो) तिन्ही जवळपास सारखी येतात. कोणत्याही पिनपासून कॉम्प्रेसरच्या धातूच्या अंगापर्यंत वाचन आलं तर वाइंडिंग (मोटरची आतली तार) गेलं. इन्व्हर्टरमध्ये वाइंडिंग ठीक असून तो फिरत नसेल तर संशय त्याच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर घ्या.

*फ्रीजर बरा, खालचा फ्रीज गरम.* फ्रॉस्ट-फ्रीमध्ये (हिम आपोआप वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये) सर्वाधिक दिसणारा आणि सर्वाधिक चुकीचं निदान होणारा बिघाड हाच. एकच कॉइल असलेल्या मॉडेलमध्ये सगळा थंडावा फ्रीजरच्या मागच्या कॉइलवर तयार होतो आणि पंखा तो वाहिनीतून फ्रीजमध्ये पाठवतो. कॉइलवरचं हिम ठरावीक काळाने वितळवणारी यंत्रणा बंद पडली की हिम वाढत जाऊन वाहिनी बुजते. फ्रीज रिकामा करून प्लग काढा, दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल टाका आणि पूर्ण २४ तास थांबा. त्यानंतर चार-आठ दिवस झकास चालून पुन्हा तेच झालं, तर डिफ्रॉस्टचा, म्हणजे हिम वितळवणाऱ्या यंत्रणेचा, बिघाड जवळपास नक्की. गॅसचा संबंध नाही.

मग तीन भाग तपासायचे. हीटरचा रेझिस्टन्स त्याच्यावरच्या वॅटवरून काढता येतो: २३० चा वर्ग भागिले वॅट. १५० वॅटचा हीटर साधारण ३५० ओहम दाखवेल. वाचनच आलं नाही तर तो तुटलाय. बायमेटल (तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा स्विच) थंड असताना जोडलेला आणि खोलीच्या तापमानाला तुटलेला असतो, म्हणून तो गरम असताना मोजून "खराब" ठरवू नका. सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवून वाचन घ्या आणि सर्व्हिस शीटशी ताडा. थंड होताना त्याचा रेझिस्टन्स वाढला पाहिजे.

हिम सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. कॉइलची अॅल्युमिनियमची नळी एका टोच्यात फुटते आणि दुरुस्त होऊ शकणारा फ्रीज भंगारात जातो.

*भाजीच्या ट्रेखाली पाणी.* मागच्या भिंतीवरचं निचऱ्याचं भोक बुजलंय. सिरिंजने कोमट पाणी सोडा, मऊ नळीने मोकळं करा. तार घालू नका.

गॅसचा संशय खराच असेल तर

कॉम्प्रेसर अखंड चालतो, कंडेन्सर जेमतेम कोमट, आणि कॉइलच्या सुरुवातीच्या थोड्याच भागावर हिम, ही गॅस कमी असल्याची खूण. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे, हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि त्याला एलपीजीसारखा इशारा देणारा वास नसतो. उदबत्ती नको म्हटलं ते यासाठी. बंद किचनमध्ये, प्लायच्या खणात तोंड घालून कोणी ब्रेझिंगची (नळ्या जोडायच्या ज्योतीची) टॉर्च पेटवत असेल तर थांबवा. फ्रीज बाहेर काढून हवेशीर जागी नेला पाहिजे. गळती बंद करणं, फिल्टर-ड्रायर (नळीतला ओलावा आणि कचरा अडवणारा भाग) बदलणं, नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम काढणं आणि लेबलवरच्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरणं, एवढं सगळं झालं तरच ते काम. गॅस काही दहा ग्रॅमांतच असतो, त्यामुळे "अंदाजाने" भरणं चालत नाही. आर-६००एच्या कॉम्प्रेसरमध्ये आर-१३४ए भरू म्हणणाऱ्याला नम्रपणे निरोप द्या. त्या गॅसच्या दाबाने मोटरवर भार येतो.

गळती फोमच्या भिंतीत असेल तर पैसे घालू नका. फ्रीज आठ-दहा वर्षांचा आणि कॉम्प्रेसर गेलेला असेल तरी बदलणंच बरं. रिले, पंखा, सेन्सर, हीटर, रबर यांसाठी मात्र फ्रीज बदलू नये.

नवा घेताना लिटर नव्हे, खण मोजा

प्रचलित खण ५६० मिमी रुंद, किमान ५५० मिमी खोल आणि मोठ्या फ्रीजसाठी सुमारे १७८० मिमी उंच असतो. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी तीच खरी माना. दोन्ही कर्ण मोजा; फरक आला तर खण गुण्यात (काटकोनात) नाही. शटर दोन भागांत असेल तर जुन्या आणि नव्या फ्रीजच्या दारांमधला सांधा त्याच उंचीवर येतोय का बघा, नाहीतर दोन्ही शटर नवी करावी लागतील. जोडणीची पद्धत आणि शटरच्या वजनाची मर्यादाही ताडून घ्या.

हवामान वर्ग हा तपशील दुकानात कोणी सांगत नाही. एन म्हणजे भोवतालचं तापमान ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात एसटीवर भागणार नाही. टी असलेलाच घ्या, आणि तिथेही खणातली हवा आधी सुधारा.

काढणं आणि बसवणं

माणसं दोन, तीही दमदार. असे फ्रीज ६०-७० किलोंचे असतात. फ्रीज रिकामा करून एक दिवस आधी बंद करा म्हणजे वाटेत पाणी सांडणार नाही. शटर आधी काढा आणि स्क्रूंच्या जागांचा फोटो घ्या. मग बाजूच्या, वरच्या आणि तळाच्या पट्ट्यांचे स्क्रू सोडवा. हे स्क्रूच फ्रीजला पुढे कलंडण्यापासून रोखत असतात, म्हणून शेवटचा निघेपर्यंत एकाने समोरून धरून ठेवायचं. खाली गालिच्याचा तुकडा टाकून ओढा.

खण रिकामा झाला की पाणसळीने तळ तपासा, ओळंब्याने बाजू. फुगलेला प्लाय आणि बुजलेली जाळी दुरुस्त करण्याची संधी हीच. सॉकेट फ्रीजच्या मागे असेल तर आत्ताच शेजारच्या कपाटात हलवा. पुढे प्लग काढण्यासाठी अख्खा फ्रीज उपसावा लागणार नाही. अर्थिंग तपासून घ्या.

दार कुठल्या बाजूला उघडायचं ते फ्रीज आत सरकवण्याआधी बदला. वायरला सुतळी बांधून सॉकेटकडे ओढत ठेवा, म्हणजे ती मागे चेंगरणार नाही. फ्रीज बिजागरीकडच्या बाजूला भिडवून बसवा आणि उरलेली फट दुसऱ्या बाजूच्या पट्टीने झाका. आधी सगळे स्क्रू हलके, दार चालवून बघितल्यावर घट्ट. शटर शेवटी, आणि पुन्हा कागदाची चाचणी. वाहतुकीत फ्रीज आडवा झाला असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ, तो नसेल तर निदान रात्रभर, उभा ठेवूनच चालू करा. पहिले २४ तास सामान भरू नका.

जुना फ्रीज भंगारवाल्याला देऊ नका. नळ्या कापताना तो गॅस तसाच बाहेर सुटतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ नुसार, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, फ्रीज हा ई-कचरा आहे. एक्स्चेंजमध्ये द्या, नाहीतर नोंदणीकृत रीसायकलरला, आणि पावती मागा. शटरच्या बिजागऱ्या आणि सरकत्या पट्ट्या मात्र काढून ठेवा, नव्याला चालल्या तर वेगळ्या घ्याव्या लागत नाहीत.